आग्नेयेकडची खिडकी

२१ मार्च २००० रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान-५ रॉकेट झेपावले, तेव्हा त्यात दोन उपग्रह होते. एक इस्रोचा इन्सॅट-३बी, दुसरा एशियास्टार. इन्सॅटचे नाव दूरदर्शनमुळे आणि हवामानाच्या बातम्यांमुळे आपल्या कानावरून गेलेले होते. एशियास्टारचे काम मात्र आशियाला नवे होते. त्याला थेट माणसाच्या हातातल्या रेडिओशी बोलायचे होते. मध्ये छपरावरची मोठी डिश नाही, केबलवाला नाही, जमिनीवरचा उंच मनोरा नाही. हाताच्या पंजाएवढी चपटी अँटेना आणि तिला जोडलेला, सहज उचलून नेता येईल असा संच, एवढ्यावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा आवाज घरात येणार होता.

ही सेवा वर्ल्डस्पेस या कंपनीची. भारतात ती जवळपास दहा वर्षे चालली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी थांबली. तिचे संच आज अनेक घरांच्या माळ्यावर पडून आहेत. एक अमेरिकी कंपनी आली, कर्जात बुडाली आणि गेली, एवढीच तिची आठवण उरली आहे. पण तो संच पहिल्यांदा सुरू करताना काय काय करावे लागे हे नीट पाहिले, तर त्यामागचा विचार किती मोलाचा होता ते उलगडते. तो विचार आजही आपल्या उपयोगाचा आहे, म्हणून हा लेख.

कोणासाठी?

वर्ल्डस्पेसचे संस्थापक नोआ समारा मूळचे इथिओपियाचे. अमेरिकेत कायदा शिकलेल्या या माणसाने १९९० साली वॉशिंग्टनमध्ये कंपनी काढली. आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि त्याची साधी माहितीसुद्धा गावागावांत पोचत नव्हती. ही अवस्था पाहूनच आपल्याला ही कल्पना सुचली, असे ते सांगत. ज्या खंडात रस्ते नाहीत, वीज नाही, छापील कागद पोचत नाही आणि लघुलहरींवरचे रेडिओ केंद्र खरखरीत विरून जाते, तिथे आकाशातून स्वच्छ आवाज उतरवायचा, असा हा बेत होता.

त्यासाठी आधी लहरींची जागा हवी होती. १९९२ साली स्पेनमधल्या तोरेमोलिनोस इथे जागतिक रेडिओ परिषद भरली. तिथे ध्वनिप्रसारणासाठी एल बँडमधला १,४५२ ते १,४९२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा राखून ठेवण्यात आला. वर्ल्डस्पेसने त्यातला वरचा भाग वापरला. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी आफ्रिस्टार उडाला आणि २१ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. त्यानंतर एशियास्टार १०५ अंश पूर्वेवर गेला. दक्षिण अमेरिकेसाठीचा अमेरिस्टार कधी उडालाच नाही.

प्रत्येक उपग्रह तीन झोत जमिनीवर टाकी. एकेका झोताखाली सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटरचा प्रदेश येई, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. झोतातल्या एका वाहक लहरीवर सेकंदाला १६ हजार बिटांचे ९६ भाग पाडलेले असत. नुसत्या बोलण्याला एक भाग पुरे. चांगल्या संगीताला चार भाग, म्हणजे ६४ हजार बिट लागत. ज्या प्रसारकाला जेवढे हवेत तेवढे भाग त्याने घ्यावेत. शेतीची माहिती देणाऱ्या छोट्या संस्थेला एक भाग परवडावा आणि मोठ्या वाहिनीने आठ घ्यावेत, अशी ती रचना होती.

या हिशेबात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. झोताखाली एक माणूस ऐकत असो की एक कोटी, उपग्रहाला त्याचा पत्ता नसतो. ऐकणारा वाढला म्हणून खर्च वाढत नाही आणि दूर राहतो म्हणून त्याचा आवाज क्षीण होत नाही. एफएमचा मनोरा शहराच्या भोवती पन्नास-साठ किलोमीटर पुरतो आणि मग डोंगर आडवे येतात. मोबाइलच्या मनोऱ्याला तर त्या गावात पुरेसे ग्राहक आहेत का, हे आधी विचारावे लागते. आकाशातल्या प्रक्षेपकासाठी मात्र सुरगाणा आणि शिवाजीनगर, भामरागड आणि बोरिवली एकाच अंतरावर असतात.

संच सुरू करणे

सुरुवातीचे संच हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक आणि सॅनियो या जपानी कंपन्यांनी केले. पुढे भारतात बीपीएलचे संच मिळू लागले. पहिल्या पिढीतल्या काही संचांत उपग्रहाबरोबर एफएम, मध्यम लहरी आणि लघुलहरीही लागत, त्यामुळे नवा रेडिओ घेतला म्हणून जुने काही सोडावे लागत नसे. घडीची मूठ, पुढे छोटा पडदा, काही बटणे आणि पाठीला किंवा डोक्यावर अँटेनेची चौकोनी पाटी, असे त्याचे रूप होते. बॅटरीवरही चाले आणि विजेवरही.

खरे काम सुरू होई ते अँटेना हातात घेतल्यावर. ही पाटी संचापासून सुटी करता येई आणि मधल्या वायरीच्या आधाराने खिडकीपर्यंत नेता येई. तिला आकाशाचा एक विशिष्ट तुकडा उघडा दिसला पाहिजे, हीच एकमेव अट.

तो तुकडा कोणता, हे गणिताने काढता येते. एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्वेला, म्हणजे सिंगापूरच्या थोडा आग्नेयेला, इंडोनेशियाच्या बेटांच्या माथ्यावर उभा होता. पुण्यातून पाहिले तर तो उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे ११८ अंशांवर येतो, म्हणजे पूर्व आणि आग्नेय यांच्या मध्ये, आग्नेयेकडे झुकलेला. उंची क्षितिजापासून सुमारे ४८ अंश, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मधोमधपेक्षा किंचित वर. मुंबईतही दिशा जवळपास तीच, उंची ४७ अंश. पणजीत तो ५० अंशांवर. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे तो अधिक दक्षिणेकडे सरकून १२७ अंशांवर दिसतो आणि ५२ अंश वर चढलेला असतो.

होकायंत्र नसले तरी अडत नाही. भूस्थिर उपग्रह आपल्या जागेवरून हलत नाही, सूर्य मात्र वर्षातून दोनदा बरोबर त्याच्या मागून जातो. पुण्याच्या आकाशात ही वेळ येते ती ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी दहाच्या सुमारास, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दहा वाजून वीस मिनिटांच्या आसपास. नवरात्राच्या आगेमागे सकाळी दहाला ज्या खिडकीतून ऊन आत येते, त्या खिडकीतून एशियास्टार दिसणार, एवढा हा साधा हिशेब. कोणत्याही घरात तो करता येई आणि त्यासाठी एक पैसाही लागत नसे.

यातून घराकडे बघण्याची एक वेगळी नजर मिळते. मुंबईत समुद्राकडे उघडणाऱ्या पश्चिमेच्या खिडकीला मोठे मोल असते, पण या रेडिओला तिचा काही उपयोग नव्हता. त्याला मागची, पूर्वेची बाजू हवी. स्वयंपाकघराची खिडकी, जिन्यातला झरोका, कपडे वाळत घालायची गॅलरी. कोकणातल्या घरात कौलांखाली ठेवलेल्या अँटेनेपेक्षा पडवीच्या कडेला, आकाश दिसेल अशी टेकवलेली अँटेना उत्तम चाले. पत्र्याचे छप्पर असेल तर तिला बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही, कारण धातूतून या लहरी जात नाहीत. या लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटर. खिडकीचे जवळजवळ लावलेले लोखंडी गजही त्यांना अडवू शकतात, म्हणून पाटी गजांच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची. काच चालते. समोर डेरेदार आंबा असेल तर जागा बदलायची, कारण पानांचा दाट पडदा सिग्नल खातो आणि पावसात भिजलेली पाने तर अधिकच.

पाऊस स्वतः मात्र आड येत नाही. डीटीएचची डिश ज्या लहरींवर चालते त्या केवळ अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या असतात. आषाढातल्या मुसळधारेत त्या थेंबांत अडकतात आणि टीव्हीचे चित्र गोठते. एल बँडच्या लांब लहरी थेंबांना जुमानत नाहीत. ज्या रात्री वीज गेलेली आहे, रस्ता बंद आहे आणि टीव्ही मुका आहे, त्याच रात्री बॅटरीवरचा हा संच बोलत राहू शके. ज्या देशात चार महिने पावसाचे असतात, तिथे हा गुण फार मोठा आहे.

दिशा ठरली की संचाच्या पडद्यावर उपग्रहाचा सिग्नल दाखवणाऱ्या पट्ट्यांकडे पाहत अँटेना हळूहळू फिरवायची. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना केंद्र खरखरीतून वर येते, कान त्याच्या मागे जातो आणि अचूक जागा सापडते. डिजिटल संचात ही सोय नाही. सिग्नल एका पातळीखाली असेल तर पूर्ण शांतता, आणि पातळी ओलांडली की एकदम स्वच्छ आवाज. म्हणून इथे कानाऐवजी डोळ्याने शोधायचे असते. पाटी दोन-तीन अंश फिरवायची, हात काढून घ्यायचा, दोन-चार सेकंद थांबायचे, पट्ट्या पाहायच्या, मग पुढे सरकायचे. पट्ट्या वाढल्या तरी लगेच थांबू नये. शिखर ओलांडून पलीकडे जावे आणि मागे यावे, तेव्हा खरा मध्य कळतो. मग पाटी वाऱ्याने हलणार नाही अशी पक्की करायची.

सिग्नल लागला की वाहिन्यांची यादी संच आपणहून तयार करी आणि पडद्यावर त्यांची नावे येत. पुढे बहुतेक वाहिन्या वर्गणीच्या कुलपाआड गेल्या. वर्गणी भरली की त्या संचाच्या क्रमांकापुरते त्यांचे कुलूप उघडले जाई.

काय ऐकू आले

भारतातली सेवा बंगळुरूहून चालवली जाई. ए. आर. रहमान हे तिचा चेहरा होते आणि तिची ओळखधूनही त्यांचीच. ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची वाहिनी, ‘श्रुती’ कर्नाटक संगीताची, ‘फरिश्ता’ जुन्या हिंदी चित्रपटगीतांची, ‘झंकार’ नव्या गाण्यांची, ‘फलक’ गझल आणि उर्दूची. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, पंजाबी अशा भाषांच्या आपापल्या वाहिन्या होत्या, आणि मराठीची ‘सुरभी’ होती. शिवाय बीबीसी होती, अमेरिकेचा सार्वजनिक रेडिओ एनपीआर होता, जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत होते.

त्या काळात खासगी एफएम नुकतेच सुरू झाले होते. देशातले पहिले खासगी केंद्र २००१ साली बंगळुरूत सुरू झाले. शहरा-शहरांत एफएमचा सुकाळ झाला, पण बहुतेक केंद्रांवर तीच नवी चित्रपटगीते फिरत, आणि खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नव्हती. शास्त्रीय संगीत ऐकायचे तर आकाशवाणीवर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अवधीत. अशा वेळी एका विलंबित ख्यालाला पुरेसा अवकाश देणारी, मध्ये जाहिरात न घुसवणारी आणि रात्री अडीच वाजताही जागी असणारी वाहिनी मिळणे हे रसिकांना किती मोठे सुख वाटले असेल, ते त्या पिढीतल्या श्रोत्यांना विचारावे. ज्या तालुक्याच्या गावात मैफल होत नाही आणि जिथे कॅसेटच्या दुकानातही शास्त्रीय संगीताची मोजकीच नावे मिळत, तिथल्या विद्यार्थ्याला चोवीस तास ऐकण्याची शाळा मिळाली. गाणे शिकणाऱ्यासाठी ऐकणे ही निम्मी साधना असते. ती साधना पुण्या-मुंबईच्या बाहेर शक्य करणारे हे साधन होते.

आवाजापलीकडे

वर्ल्डस्पेसच्या संचाला संगणक जोडता येई आणि उपग्रहावरून आवाजाऐवजी मजकूर आणि नकाशे उतरवता येत. आफ्रिकेत ‘रानेट’ नावाच्या उपक्रमाने याचा फार चांगला वापर केला. नायजरची राजधानी नियामे इथल्या आफ्रिकी हवामान केंद्राच्या सहभागाने पावसाचे अंदाज आणि शेतीचा सल्ला दूरच्या वस्त्यांतल्या संचांवर पोचवला गेला. तिथून तो स्थानिक रेडिओवरून लोकांच्या भाषेत सांगितला जाई. इंटरनेट नसलेल्या गावात हवामानाचा नकाशा पोचत होता.

आपल्या शेजारी श्रीलंकेत दुसरा प्रयोग झाला. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा लाटा किनाऱ्याकडे येत असताना तिथल्या गावांना कोणी काही सांगू शकले नव्हते. त्यानंतर लर्नएशिया ही संशोधन संस्था आणि सर्वोदय ही ग्रामचळवळ यांनी किनाऱ्यावरच्या गावांत धोक्याची सूचना पोचवण्याची निरनिराळी साधने तपासली. त्यांत वर्ल्डस्पेसचे खास संच होते. ठरावीक गावांच्या संचांनाच उद्देशून इशारा पाठवायचा आणि तो त्याच संचांवर उमटायचा, अशी सोय त्यांत होती. आपत्तीत जमिनीवरचे मनोरे आणि तारा आधी कोसळतात. आकाशातला प्रक्षेपक तेव्हाही जागेवर असतो.

समारा यांचा मूळ बेत या प्रयोगांत पुरता दिसतो. बाजारात मात्र सेवेचे रूप बदलत गेले. गरिबांपर्यंत माहिती नेण्याच्या कामाचा खर्च उचलणारे कोणी पुरेसे पुढे आले नाही, आणि कंपनी ज्यांना परवडते अशा संगीतप्रेमींच्या वर्गणीकडे वळली. २००५ साली तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आले. ग्राहकांत बहुसंख्य भारतातले होते, पण दोन उपग्रहांचा भार पेलण्याइतके ते नव्हते.

का थांबले

अमेरिकेत हीच कल्पना टिकली. २००१ मध्ये एक्सएम आणि २००२ मध्ये सिरियस सुरू झाल्या, २००८ मध्ये एकत्र आल्या, आणि आज सिरियसएक्सएमचे ग्राहक तीन कोटींहून अधिक आहेत. त्या टिकल्या मोटारींमुळे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीतच संच बसवलेला असतो, आणि उंच इमारतींमुळे शहरात जिथे उपग्रह दिसत नाही तिथे जमिनीवरचे छोटे प्रक्षेपक तोच कार्यक्रम पुन्हा पाठवतात.

भारतात चालत्या गाडीत वर्ल्डस्पेस ऐकायचे तर असे प्रक्षेपक हवे होते आणि त्यासाठी सरकारी धोरण हवे होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ साली उपग्रह रेडिओबद्दल शिफारशी केल्या, पण सेवा बंद होईपर्यंत त्या धोरणाचे प्रत्यक्षात काही झाले नाही. त्यामुळे संच घराच्या एका खिडकीशी बांधलेला राहिला. दरम्यान मोबाइल फोनमध्ये फुकटचे एफएम आले, एमपी-३ आले. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस भारतातली सेवा संपली. पुढच्या महिन्यांची वर्गणी भरून बसलेल्या श्रोत्यांच्या संचावर नव्या वर्षात काही लागले नाही. त्यांचा राग रास्तच होता.

या सगळ्यात तंत्र कुठेही हरलेले नाही. शेवटच्या दिवशीही अँटेना नीट लावलेल्या खिडकीत तेवढाच स्वच्छ आवाज येत होता. हरली ती पैशाची मांडणी. ज्या साधनाचा मुख्य गुण सर्वांना सारखे देणे हा होता, त्याचा खर्च मूठभरांच्या वर्गणीतून काढायचा प्रयत्न झाला.

आज सुरुवात करायची तर

उपग्रहावरून रेडिओ आजही ऐकता येतो, तोही विनावर्गणी. डीडी फ्री डिशच्या सेट-टॉप बॉक्सवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या मिळतात. त्यांत २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली, चोवीस तास हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत देणारी ‘रागम’ आहे. डिश ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ कडे रोखायची. ‘गंधर्व’ गेल्याची हळहळ असणाऱ्यांनी तिथे जरूर जावे. मात्र ही डिश छपराला जखडलेली असते. ती होडीवर नेता येत नाही आणि शेताच्या बांधावर मांडता येत नाही.

होडीवर नेता येणारा उपग्रह संच आपल्याकडे तयार झाला तो एका आपत्तीनंतर. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी चक्रीवादळ आले, तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचू शकला नाही. मोबाइलचे सिग्नल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपतात आणि नावा त्याच्या किती तरी पुढे जातात. यानंतर हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती सेवा केंद्राने आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘जेमिनी’ हा संच आणला. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. विमानांना दिशा दाखवणाऱ्या गगन यंत्रणेच्या उपग्रहांवरून तो संदेश घेतो आणि ब्लूटूथने जवळच्या मोबाइलवर देतो. मोबाइलवरचे ॲप नऊ भारतीय भाषांत आहे. वादळाचा इशारा, लाटांचा अंदाज, मासळी कुठे मिळेल त्या पट्ट्याची माहिती, हे सारे त्यावर येते.

संच लावायची रीत इथेही तीच. त्याला आकाश दिसले पाहिजे, केबिनच्या लोखंडी छपराखाली तो आंधळा होतो, आणि समुद्रात जाण्याआधी बंदरातच तो सुरू करून मोबाइलशी जोडून पाहायला हवा. त्याची एक मर्यादाही आधीच माहीत असलेली बरी. तो फक्त ऐकतो. संकटात सापडलेल्या नावेला त्यावरून हाक मारता येत नाही. त्यासाठी इस्रोने विकसित केलेले आपत्कालीन संदेशाचे वेगळे यंत्र जवळ लागते.

मला या छोट्या संचात समारा यांचा मूळ विचार पुन्हा उभा राहिलेला दिसतो, आणि या वेळी तो योग्य हातात आहे. इशारा ही विकण्याची वस्तू नाही, असे इथे सरकारने मान्य केले आहे. ते आणखी पुढे न्यायला हवे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या प्रत्येक नौकेवर असा संच असावा आणि तो लावायचा कसा हे मच्छीमार सोसायटीत करून दाखवले जावे. दरडीच्या छायेतल्या सह्याद्रीतल्या वाड्यांत आणि पुरात तुटणाऱ्या भामरागडसारख्या गावांत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खिडकीत बॅटरीवर चालणारा एक उपग्रह संच असावा. मनोरा कोसळला, वीज गेली, रस्ता वाहून गेला तरी त्यावर मराठीत, गोंडीत, माडियात माणसाचा आवाज यावा. त्यासाठी लागणारे उपग्रह आपण स्वतः बनवतो आणि संचही आपल्या देशात बनतात. एका श्रोत्यासाठी जेवढा खर्च, तेवढ्यातच हजारो श्रोते, हे गणित २००० साली खरे होते आणि आजही खरे आहे. वर्गणीने ते जमले नाही. आता ते सार्वजनिक पैशातून, रस्ता आणि पाणी यांच्या रांगेत बसवून करावे, कारण वादळाच्या रात्री वेळेवर कानावर पडलेला एक शब्द त्या दोन्हींइतकाच गरजेचा असतो.